जर्मनीत पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय गेले, आता परत यावं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू ऑक्टोबरात मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी जर्मनीत आलास, पुण्याला ८.६ सीजीपीए होता, चार वर्षांत एकही केटी नाही, आणि इथे पहिल्या सेमिस्टरला चार पेपर दिले त्यातले दोन गेले. आठवड्यातून तीन रात्री वेअरहाऊसला जातोस, वडिलांनी घर तारण ठेवून लोन काढलंय म्हणून घरी काहीच सांगितलं नाहीयेस, आणि विचारतोयस की मी इथल्या लायकीचाच नाही का, परत यावं का. तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असशील. मी २०११ ला सोलापूरहून इथे आले, मास्टर्स आणि पीएचडी इथेच केली आणि गेली नऊ वर्षं पूर्व जर्मनीतल्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत आहे, प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे तास घेते, पेपर तपासते, आणि बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांना अभ्यासाबद्दल काही अडलं तर ती डिपार्टमेंटमध्ये माझ्याकडेच येतात. एप्रिल उजाडला की तुझीच गोष्ट सांगणारी मुलं माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली असतात, दरवर्षी.

आधी सरळ उत्तर देते. आत्ता, निकाल लागून दोन आठवडे झालेले असताना, परत जायचं ठरवू नकोस. इथेच राहिलं पाहिजे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्याबद्दल खाली बोलतेच. पण तू ज्या कारणासाठी परत जायचं म्हणतोयस ते कारण चुकीचं आहे. तुला वाटतंय आपली बुद्धी कमी पडली. तू जे लिहिलंयस त्यावरून मला तसं अजिबात दिसत नाहीये. मला दिसतंय ते असं की तू पुण्याची परीक्षा इथे येऊन दिलीस.

म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे परीक्षा तुकड्यातुकड्यांनी होते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नला इनसेम ३० ची आणि एंडसेम ७० ची, शिवाय टर्मवर्क, सबमिशन, ओरल, अटेंडन्स कमी पडली तर सर बोलावून घेणार, फाईल पूर्ण नसेल तर सही मिळणार नाही म्हणून का होईना आपण ती पूर्ण करणार. आपण वैतागतो, पण ही सगळी माणसं आणि हे सगळे कागद आपल्याला सेमिस्टरभर ढकलत असतात. आणि शेवटचे पंधरा दिवस लोकल ऑथरचं पुस्तक आणि जुने पेपर घेऊन बसलं की हुशार मुलगा आरामात निघून जातो, तू निघालासच की. इथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी कुणीही तुला काहीही विचारलं नाही. बऱ्याच विषयांना अटेंडन्स नसते, एक्सरसाइज शीट सोडवली काय न सोडवली काय कुणी टोकत नाही, आणि शेवटी दीड-दोन तासांचा एकच पेपर, शंभर टक्के मार्क त्याचेच. तुला हे स्वातंत्र्य वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. पण ती सगळी ढकलणारी माणसं काढून घेतली आहेत आणि त्यांचं काम आता तुझं तुलाच करायचंय, हे कुणी समजावून सांगत नाही.

आता जरा तासांचा हिशोब कर माझ्याबरोबर, कारण माझ्यासमोर बसलेल्या मुलांना हा आकडा बघितल्यावरच पटतं. इथे एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम धरतात. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तास. आठवड्याला चार तास लेक्चर आणि एक्सरसाइज धरले तर पंधरा आठवड्यांत ६० तास वर्गात जातात, उरलेले १२० तास तू स्वतः बसून करशील असं विषय आखणाऱ्या प्रोफेसरने धरलेलं असतं, आणि पेपर त्या अंदाजाने काढलेला असतो. तू लिहिलंयस की परीक्षेआधी दोन आठवडे झपाटून अभ्यास केला. समज रोज आठ तास केलास, चौदा दिवसांचे ११२ तास होतात, चार विषयांत वाटले तर विषयाला २८. कुठे १२० आणि कुठे २८. एवढ्यात तू दोन विषय काढलेस, माझ्या मते हे तुझ्या बाजूने बोलणारं आहे.

दुसरी गोष्ट पेपर तपासण्याची, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण हे मला स्वतःला फार महागात पडलं. मी पहिल्या वर्षी कंट्रोल इंजिनिअरिंगला नापास झाले. सगळे जुने पेपर सोडवले होते, फॉर्म्युले पाठ होते, पेपर देऊन बाहेर आले तेव्हा चांगला गेला असंच वाटत होतं, आणि निकालात ५.०. इथे १.० सगळ्यात चांगला, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास, हे तुला आता माहितीये. मी खोलीत रडले, मग अजून जोरात तोच अभ्यास केला, अजून जुने पेपर, अजून पाठांतर, आणि दुसऱ्यांदा पण गेला. तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली तू आइनझिश्टला गेली होतीस का. मला तो शब्दच माहीत नव्हता. आइनझिश्ट म्हणजे तपासलेला पेपर बघायला मिळतो तो दिवस, निकाल लागला की तारीख लावतात, बहुतेक वेळा एकच दिवस असतो, जाऊन बसायचं, आपला पेपर हातात मिळतो, मार्कांची फोड दिसते आणि तपासणारी माणसं समोरच असतात. मला वाटायचं तिथे फक्त मार्क वाढवायला भांडणारी मुलं जातात. गेले तेव्हा कळलं की माझी बरीच उत्तरं बरोबर होती आणि तरी मला निम्मेसुद्धा मार्क नव्हते, कारण मी काय गृहीत धरलंय, कुठलं समीकरण का घेतलंय, ते इथे लागू होतं का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी थेट फॉर्म्युला लिहून आकडे टाकले होते. तपासणारा माणूस शांतपणे म्हणाला की तुम्हाला हे समजलंय की आठवतंय, ते मला या कागदावरून कळत नाही.

आता मी स्वतः पेपर तपासते तेव्हा आपल्याकडच्या मुलांचे पेपर मला न सांगता ओळखू येतात. शेवटी चौकटीत उत्तर, दोन रेघा मारलेल्या, आणि त्याच्या वर जवळपास काही नाही. मार्क देण्याचा तक्ता माझ्यासमोर असतो, त्यात फ्री बॉडी डायग्रामला (वस्तूवर कुठली बलं लागतात ते दाखवणारी आकृती) इतके, गृहीतकाला इतके, मांडणीला इतके आणि शेवटच्या आकड्याला एखादा मार्क. मला द्यायचे असतात रे मार्क, पण जे लिहिलंच नाही त्याला कसे देणार. तेव्हा तुझं पहिलं काम हे की दोन्ही विषयांची आइनझिश्ट अजून व्हायचीये का ते आज बघ. होऊन गेली असेल तरी त्या विषयाच्या असिस्टंटला, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली तास घेणाऱ्या आणि पेपर तपासणाऱ्या माणसाला, मेल करून विचार की मला माझा पेपर बघायचाय, पुढच्या वेळी काय सुधारायचं ते समजून घ्यायचंय. किती दिवसांपर्यंत आणि कसा दाखवतात ते युनिव्हर्सिटीच्या नियमांवर आहे, पण पेपर नाही दाखवला तरी निदान बोलायला वेळ देणारी माणसं मी खूप बघितलीत. आणि जाताना भांडायला जाऊ नकोस, वही घेऊन जा.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे ते पण सांगते. तुझ्या कोर्सची परीक्षेची नियमावली असते, वेबसाइटवर पीडीएफ मिळेल, बऱ्याचदा जर्मनमध्येच असते, भाषांतर करून घे पण वाच. त्यात एका पेपरला किती वेळा बसता येतं ते लिहिलेलं असतं. खूप ठिकाणी तीन वेळा, पण सगळीकडे नाही, काही ठिकाणी कमी काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी दुसऱ्यांदा बसायला मुदत असते आणि ती तारीख चुकवली तर तो अटेम्प्ट गेला असं धरतात. नाव नोंदवलेल्या परीक्षेतून किती दिवस आधीपर्यंत नाव काढता येतं तेही बघ. आजारी पडलास तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच एक्झाम ऑफिसला द्यावं लागतं, नंतर सांगून चालत नाही. आपल्या मुलांच्या डोक्यात एटीकेटी असते, की राहिला तर राहिला, पुढे देऊ कितीही वेळा. इथे कंपल्सरी विषयाचे सगळे अटेम्प्ट संपले तर तो कोर्सच संपतो, आणि बहुतेक वेळा तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या युनिव्हर्सिटीतही करता येत नाही. तुला घाबरवायला हे सांगत नाहीये, तुझा एकच अटेम्प्ट गेलाय. पण दुसरा अटेम्प्ट मी दिला तसा आंधळेपणाने देऊ नकोस. उलट नापास झालेले दोन विषय कंपल्सरी आहेत की इलेक्टिव्ह ते बघ, इलेक्टिव्ह असेल तर काही कोर्समध्ये तो सोडून दुसरा घेता येतो.

आता वेअरहाऊस. हे सगळ्यात नाजूक आहे कारण इथे मी नुसतं काम सोड म्हणणं म्हणजे तुझ्या खिशात न बघता बोलणं आहे. तू ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचे आणि मग दर महिन्याला थोडे थोडे मिळणारे) ११,९०४ युरो घेऊन आलायस म्हणजे महिन्याला ९९२ मिळतायत. छोट्या शहरात हॉस्टेलची खोली असेल तर त्यात भागतं, म्युनिकसारख्या ठिकाणी प्रायव्हेट खोली असेल तर जीव मेटाकुटीला येतो, तू कुठे आहेस ते लिहिलेलं नाहीस. पण तू म्हणतोयस की पुढच्या वर्षीसाठी साठवतोय आणि थोडे घरी पाठवतोय. घरी पाठवणं आत्ता बंद कर. वडिलांच्या लोनचे कागद बघ, बऱ्याच बँकांच्या एज्युकेशन लोनला कोर्स संपल्यावर सहा महिने किंवा वर्षभरापर्यंत हप्ता सुरू होत नाही, काही खासगी कंपन्या मात्र मधल्या काळातही व्याज भरायला लावतात, तुमचं कुठलं आहे ते माहीत असल्याशिवाय तू रात्री जागून नक्की काय फेडतोयस हेच तुला कळणार नाही.

आणि नियमाचाही प्रश्न आहे. तुझ्या इथे राहायच्या परमिटवर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, चार तासांच्या वर गेलं की तो पूर्ण दिवस धरतात. आठवड्याला तीन शिफ्ट म्हणजे सेहेचाळीस आठवड्यांतच कोटा संपतो. शिवाय रात्रीची शिफ्ट म्हणजे फक्त आठ तास जात नाहीत, दुसऱ्या दिवशीचं सकाळचं लेक्चर जातं, दुपार झोपेत जाते, आणि डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो म्हणजे तू कित्येक दिवस ऊनच बघितलं नसशील. मी एवढंच म्हणेन की सेमिस्टर चालू असताना एक शिफ्ट ठेव, तीही शुक्रवारी किंवा शनिवारी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात परीक्षा आटोपल्यावर हवं तेवढं काम कर, कोटा तेव्हासाठी राखून ठेव. बरोबरीने डिपार्टमेंटमध्ये हिवीच्या जागा बघत राहा, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली विद्यार्थी मदतनीस. त्याचे दिवस या १४० मध्ये धरत नाहीत, आणि पैशांपेक्षा मोठा फायदा असा की तुला ओळखणारं एक तरी माणूस त्या बिल्डिंगमध्ये तयार होतं.

ओळखणारं माणूस हे मी सहज लिहिलं नाही. तुझ्या पूर्ण प्रश्नात युनिव्हर्सिटीतल्या एकाही माणसाचा उल्लेख नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंय का? फ्लॅटमेट आहेत, वेअरहाऊसचा सुपरवायझर आहे, मराठी मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ज्यात सगळ्यांचं छान चाललंय असं तुला वाटतं. (सगळ्यांचं छान चाललेलं नाहीये, त्या ग्रुपवर नापास झाल्याचं कोण लिहिणार आहे. माझ्याकडे येणारी मुलं अशाच ग्रुपांमधली असतात.) इथली माणसं आपणहून येऊन खांद्यावर हात ठेवत नाहीत. आपल्याला तो थंडपणा वाटतो, तुसडेपणा वाटतो. मला इतकी वर्षं राहून त्याचा अर्थ असा लागलाय की न विचारता दुसऱ्याच्या गोष्टीत पडणं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्यामुळे तू गप्प बसलास तर ते समजतात तुझं ठीक चाललंय. आणि आपण लहानपणापासून काय शिकलोय, की हुशार मुलाला शंका नसते, सरांना उगाच त्रास द्यायचा नाही. दोघं आपापल्या जागी शहाण्यासारखं वागतायत आणि मधल्या मधे तुझं सेमिस्टर जातंय.

तेव्हा एप्रिलच्या मध्यात लेक्चर सुरू झाले की एक्सरसाइजच्या तासाला जाच, लेक्चर एकवेळ चुकलं तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बस, दर आठवड्याला साधारण त्याच जागेवर, आणि शेजारच्याला एवढंच विचार की तिसरा प्रॉब्लेम तुला सुटला का. मैत्री कर असं मी म्हणत नाहीये, फक्त तिसरा प्रॉब्लेम. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत तुम्ही तास संपल्यावर मेन्झात सोबत जेवायला जाता, असं मी पुष्कळ वेळा होताना बघितलंय, माझ्या नवऱ्याची आणि माझी ओळखही अशाच एका एक्सरसाइज शीटवर झाली. फाखशाफ्टच्या खोलीत जा, ती विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली डिपार्टमेंटची कमिटी असते, जुने पेपर त्यांच्याकडे मिळतात आणि कुठला असिस्टंट नीट समजावतो हेही तिथेच कळतं. आणि प्रोफेसरचे ऑफिस अवर्स असतात ते खरोखर यायला म्हणूनच ठेवलेले असतात. माझ्या अशा वेळेत मी कित्येक आठवडे एकटी चहा पीत बसलेली असते.

झोप लागत नाही, दोन-दोन दिवस खोलीबाहेर पडत नाही, असंही तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, ती ओळ मी वाचलीये. श्टुडिरेंडनवेर्कची, म्हणजे विद्यार्थ्यांची हॉस्टेलं आणि कँटीन चालवणाऱ्या संस्थेची, मानसिक समुपदेशनाची सोय असते, बहुतेक ठिकाणी फुकट, बऱ्याच शहरांत इंग्लिशमध्येही, आणि तिथे बोललेलं ना युनिव्हर्सिटीला कळतं ना व्हिसा ऑफिसला. वेळ मिळायला कधी कधी काही आठवडे लागतात म्हणून आत्ताच नाव नोंदव. आणि एखाद्या रात्री जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर वाट बघू नकोस, ११२ ला फोन कर, किंवा फ्लॅटमेटचं दार वाजव, तो जर्मन असो नाहीतर कुणी असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत.

घरी सांगण्याबद्दल. मी माझ्या बाबांना आठ महिने सांगितलं नव्हतं, रिझल्ट अजून लागला नाही असंच सांगत राहिले. ते दर रविवारी विचारायचे, लागला का गं निकाल. मग एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही, पुढच्याही नाही. त्यांना कळलं होतं, आणि मला त्रास नको म्हणून ते गप्प झाले होते. ते रविवार मला अजून टोचतात. तुझ्या वडिलांचा स्वभाव मला माहीत नाही, काही घरांत सांगितल्यावर खरंच मोठा गोंधळ होतो, तेव्हा कसं आणि आधी कुणाला ते तू ठरव, आईला, मामाला, मोठ्या बहिणीला. पण सांगताना नुसतं नापास झालो असं सांगू नकोस. चारपैकी दोन निघालेत, दोन पुन्हा द्यायचेत, ते कधी आहेत, अटेम्प्ट किती उरलेत, एखादं सेमिस्टर वाढलं तर पैसे किती लागतील, हे कागदावर लिहून घे आणि मग फोन कर. मास्टर्सला चारऐवजी पाच-सहा सेमिस्टर लागणारे इथे खूप आहेत, जर्मन मुलंसुद्धा, त्याला कुणी वाया गेलं म्हणत नाही. परमिट वाढवताना अभ्यास पुढे सरकतोय का हे ऑफिस बघतं, पहिल्या सेमिस्टरचे दोन विषय गेले म्हणून कुणाला परत पाठवल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

आता परत जाण्याचं. माझ्याकडे आलेल्यांपैकी काही जण परत गेले आणि त्यातल्या काहींचा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला होता. एकाला हा विषयच नको होता, घरच्यांनी मेकॅनिकल म्हटलं म्हणून तो बीई आणि मग मास्टर्स करत आला होता. एका मुलीची तब्येत इथल्या हिवाळ्यात इतकी ढासळली की तिने राहणं धोक्याचं होतं. ती दोघं हरून गेली असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. तुझं तसं आहे का? तुला मशिन डायनॅमिक्सचं लेक्चर आवडलं होतं असं तू मधेच लिहून गेलायस, नापास झाल्याचं सांगताना. म्हणून मी म्हणते की जुलै-ऑगस्टच्या परीक्षेपर्यंत थांब, या सेमिस्टरला पाच विषय घेऊ नकोस, दोन जुने आणि दोन नवे घे, एकच शिफ्ट, आणि सप्टेंबरात निकाल बघून ठरव. तेव्हा परत जावंसं वाटलं तर निदान तुला माहीत असेल की तू इथली परीक्षा देऊन निघालायस.

सोमवारी सकाळी दोन्ही विषयांच्या असिस्टंटना मेल टाक. नाव, मॅट्रिक्युलेशन नंबर, कुठला पेपर कुठल्या तारखेला दिला, आणि एक वाक्य की मी पास झालो नाही, माझी मांडणी कुठे कमी पडते ते समजून घ्यायला मला पंधरा मिनिटं हवीयेत, या आठवड्यात कधी येऊ. माफी मागू नकोस, घरची परिस्थिती लिहू नकोस. लिहायला जमत नसेल तर कच्चं इथे टाक, मी रविवारी संध्याकाळपर्यंत बघून देते.